म्हातारपणाची बेगमी आणि पन्नासाची रेघ

निवृत्ती हा शब्द आपल्या माणसांच्या तोंडी फार उशिरा आला. गावगाड्यातल्या महाराला आणि मांगाला निवृत्ती नव्हती. काम जन्माबरोबर मिळे आणि मरणाबरोबर सुटे. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजी अमलातही हीच रीत पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिले की, वतनदार महार जागेवर नसेल तर त्याच्या घरातले दुसरे माणूस सरकारी कामाला धरले जाते. म्हणजे काम एका माणसाच्या गळ्यात नव्हते, साऱ्या घराच्या गळ्यात होते. बाप थकला तर पोरगा. पोरगा मुंबईला गेला असेल तर पुन्हा तोच थकलेला बाप. अशा माणसाच्या म्हातारपणाची तरतूद काय होती? वतनाच्या तुकड्यातला भावकीने वाटलेला वाटा आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. ती भाकरी कष्टाचा मोबदला आहे असे गाव कधी मानत नव्हते. म्हणून ती खाणाऱ्याला गावापुढे मान वर करता येत नव्हती.

म्हातारपणाच्या तरतुदीचे जे कायदे या देशात झाले त्यांच्याकडे प्रस्तुत लेखात मला या अंगाने पाहायचे आहे. सक्तीची बचत असावी की नसावी, निवृत्तिवेतन सरकारने द्यावे की ज्याचे त्याने साठवावे, हा वाद आपल्याकडे अर्थशास्त्राचा वाद म्हणून चालतो. व्याजाचा दर, तिजोरीवरचा बोजा, बाजाराचा चढउतार या भाषेत तो बोलला जातो. माझे म्हणणे असे आहे की, हा वाद मुळात रेघेचा आहे. कोण रेघेच्या आत आणि कोण बाहेर, हे ठरवताना कायद्याने जातीचे नाव कोठेही घेतलेले नाही. पण रेघ जेथे आखली गेली तेथे जातीचेच काम झाले.

मागून आणलेल्या भाकरीतून आपल्यातली जी थोडी माणसे प्रथम सुटली ती लष्करातली होती. दापोली हे पेन्शनरांचे ठाणे होते. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झाल्यावर दापोली परिसरातूनच बोलू-लिहू लागले आणि १८८८ साली त्यांचे 'विटाळ विध्वंसन' निघाले. सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. आपल्या चळवळीच्या आरंभाचा विचार करताना आपण लष्करी शाळांमधल्या शिक्षणाचा उल्लेख करतो आणि तो योग्यच आहे. परंतु शिक्षणाइतकीच दुसरी एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. महिन्याच्या महिन्याला येणारे पेन्शन त्यांच्यापाशी होते आणि ते गावाकडून येत नव्हते. गावावर टीका लिहिणाऱ्याची चूल गावाच्या मर्जीवर पेटत असती, तर ती टीका लिहिली गेली असती काय?

याच दृष्टीने भरतीबंदीकडेही पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरती थांबली. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे विनंती केली. या अर्जांचा अर्थ आपण शौर्याच्या आणि मानाच्या भाषेत लावतो. माझ्या मते त्यांत पोटाचा आणि उतारवयाचा हिशोबही आहे. भरती बंद झाली म्हणजे एका पिढीची नोकरी बंद झाली आणि पुढच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे पेन्शनही बंद झाले.

गाव सोडून मुंबईला आलेला माणूस गिरणीत शिरला. तेथे पाटील नव्हता, पण खाते होते. विणकाम खात्यात पगार चांगला होता आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, त्याने विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्गाची एकजूट मागणाऱ्यांनी खात्याच्या दारावरची जात आधी काढावी, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढच्या इतिहासासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. फंड हा पगाराच्या प्रमाणात कापला जातो. ज्याचा रुपया मोठा त्याचा आणाही मोठा. वर्षानुवर्षे कमी पगाराच्या खात्यात अडकलेल्या माणसाची जात अशा रीतीने त्याच्या फंडाच्या पुस्तकातही उतरते. तेथे जातीचा रकाना नसतो, नुसते आकडे असतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा याच काळात सुरू झाल्या. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना अडारकरांनी १९४४ साली सादर केली. कामगारांच्या मजुरीची आणि राहणीची पाहणी करणारी रेगे समिती त्याच वर्षी नेमली गेली. सामाजिक सुरक्षेचा पाया या खटाटोपात घातला गेला. तथापि म्हातारपणाच्या प्रश्नावरचा त्यांचा मूलगामी विचार मला मंत्रिपदाच्या कारकिर्दीपेक्षा १९४७ सालच्या एका निवेदनात दिसतो.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेले 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे ते निवेदन होय. त्यातील शेतीच्या आणि मूलभूत उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाची चर्चा आपल्या अभ्यासवर्गात होते. विम्याच्या कलमाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. विमा हा राज्याचा मक्ता असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या मानाने, कायदेमंडळ ठरवील त्याप्रमाणे, विमा उतरवण्याची राज्याने सक्ती करावी, अशी मागणी त्या कलमात आहे. तिची दोन कारणे त्यांनी दिली. खाजगी विमा कंपनीपेक्षा राज्याच्या पाठबळाने माणसाला अधिक सुरक्षितता मिळेल, हे एक. राज्याला आर्थिक नियोजनासाठी लागणारा पैसा चढ्या व्याजाने बाजारातून उचलावा न लागता लोकांच्या बचतीतून मिळेल, हे दुसरे.

या कलमातला एकच शब्द मला वाचकांच्या ध्यानी आणून द्यायचा आहे. तो म्हणजे 'प्रत्येक'. गिरणीतला प्रत्येक, किंवा पन्नास माणसांच्या कारखान्यातला प्रत्येक, असे तेथे म्हटलेले नाही. त्यात शेतमजूर आला, झाडूवाला आला, कातडे कमावणारा आला, घरी बसून विड्या वळणारी बाई आली. हक्क माणसाला चिकटवला होता, आस्थापनेला नव्हे.

सक्ती म्हटली की स्वातंत्र्याचा कैवार घेणारे पुढे येतात. माणसाच्या कमाईला राज्याने हात का लावावा, असे ते विचारतात. बाबासाहेबांनी याचे उत्तर त्याच निवेदनात दिले आहे. राज्याने हात आखडता घेतला तर जे स्वातंत्र्य उरते ते कोणाचे, असा त्यांचा सवाल आहे. जमीनदाराला खंड वाढवण्याचे, मालकाला कामाचे तास वाढवून मजुरी उतरवण्याचे, हेच ते स्वातंत्र्य. जेथे राज्याची सक्ती नाही तेथे सक्तीच नाही असे नसते. तेथे मालकाची सक्ती असते. आपल्या माणसांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. सक्ती त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या होतीच. राबण्याची होती, थकल्यावर मागून खाण्याची होती. नवी गोष्ट एवढीच होती की, प्रथमच मालकावर सक्ती करण्याची भाषा कोणी बोलत होते.

आता प्रत्यक्ष कायदा काय झाला ते पाहू. कोळसा खाणींसाठी १९४८ साली फंडाचा कायदा आला. इतर कारखान्यांसाठी १५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला आणि १९५२ साली त्याचे कायद्यात रूपांतर झाले. मजूरमंत्री होते जगजीवन राम. केवढा योगायोग! या देशाच्या सामाजिक सुरक्षेचा पाया ज्या दशकात घातला गेला, त्या दशकाचा बहुतेक काळ मजूरखाते लागोपाठ दोन दलित मंत्र्यांकडे होते. परंतु मंत्री कोण यावर कायद्याची रेघ ठरत नाही. देशातली सत्ता कोणाच्या हाती आहे यावर ती ठरते.

कायद्याच्या उद्दिष्टांत सरकारने मोकळेपणाने कबूल केले होते की, म्हातारपणी निवृत्तिवेतन देणे हाच उत्तम मार्ग आहे. मात्र सद्यस्थितीत ते नजीकच्या काळात शक्य दिसत नाही, म्हणून कामगार आणि मालक या दोघांच्या वर्गणीचा सक्तीचा फंड काढावा. याने कामगारांना नियमित बचतीची वृत्ती लागेल, असाही एक फायदा सांगितला होता. या शेवटच्या वाक्यावर मी नेहमी अडखळतो. ज्यांनी मुंबईच्या खोलीत पाळीपाळीने झोपून, खानावळीचे पैसे भागवून, दर महिन्याला गावी मनिऑर्डर केली, ज्यांच्या बायकांनी भिशीत चार आणे टाकले, त्यांना बचतीची वृत्ती कायद्याने शिकवायची होती! त्यांच्यापाशी वृत्ती होती, मजुरी नव्हती. आणि सवय लागायला हवी होती ती मालकाला.

सुरुवातीला सहा उद्योग घेतले गेले: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. वर्गणी होती सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा कामगाराचा आणि एक आणा मालकाचा. कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार असले पाहिजेत, ही अट. ही ती पन्नासाची रेघ. त्याशिवाय एक वर्षाची सलग नोकरी किंवा बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम झाले पाहिजे, ही दुसरी रेघ. नव्या कारखान्याला पहिली तीन वर्षे कायदा लागू नव्हता, ही तिसरी. कारखान्याच्या बालपणाची एवढी काळजी घेणाऱ्या कायद्याला बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे म्हातारपण दिसले नाही.

या रेघांच्या बाहेर कोण राहिले? बदली कामगार राहिला. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून जॉबरच्या बोटाकडे पाहणाऱ्याचे २४० दिवस कसे भरायचे? ठेकेदाराचा मजूर राहिला. त्याच्याबाबत मूळ मालकाची जबाबदारी पक्की करण्यासाठी पुढे कायद्यात वेगळी कलमे घालावी लागली. शेतमजूर तर कायद्याच्या नजरेच्या टप्प्यातही नव्हता. वीटभट्टी, खडी, चामडे, झाडू, मैला या कामांत कोणत्या जातींची माणसे होती हे सांगण्याची गरज नाही. १९४७ चा 'प्रत्येक' १९५२ साली 'पन्नासांपैकी एक' झाला.

ही रेघ हलली नाही असे मी म्हणत नाही. १९६० च्या दुरुस्तीने पन्नासाचे वीस झाले. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सभासदत्व १९९० साली आले. नव्या कारखान्यांची सूट १९९७ साली गेली. पण रेघ आपोआप हलत नाही, ती हलवावी लागते, याची दोन उदाहरणे आपल्या मातीत आहेत.

पहिले विडी कामगारांचे. निपाणी, सोलापूर, सिन्नर येथे बायका घरी बसून विड्या वळतात. पाने आणि तंबाखू कारखानदाराचा, हात बाईचा. विडी उद्योगाला फंडाचा कायदा १९७७ साली लागू झाला तेव्हा कारखानदारांनी कोर्टात सांगितले की, या बाया आमच्या कामगारच नव्हेत. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. घरी बसून काम केले तरी ती कामगार आहे आणि तिचा फंड भरला पाहिजे, असा निर्णय दिला. दुसरे उदाहरण माथाडींचे. गोदीत, बाजारात, गोदामांत ओझी वाहणाऱ्याला एक मालक नसतो. सकाळी एकाचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यात मंडळ स्थापन झाले. सगळ्या मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, रजा भागवायची. 'मालक एक नाही म्हणून फंड शक्य नाही' हे कारण खोटे आहे, हे मराठी हमालाने सिद्ध केले. मग मुकादमाच्या उचलीवर कोयता घेऊन साखर कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड जोडप्याला हीच पद्धत का लागू होऊ नये? साखर कारखान्यांची संख्या मुंबईतल्या व्यापाऱ्यांपेक्षा जास्त नाही.

झाडूवाल्यांची गोष्ट मला अधिक जवळून सांगता येते. माझ्या आईने एका नगरपालिकेच्या हद्दीत २२ वर्षे रस्ते झाडले. रस्ते तेच, झाडू तोच, मुकादम बहुधा तोच. कागदावर मात्र ठेकेदार बदलत होता आणि ठेकेदार बदलला की तिची नोकरी नव्याने सुरू होत होती. हजेरीच्या वहीत ती कधीही दोन वर्षांपेक्षा जुनी नव्हती. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान दहा वर्षांची नोकरी लागते. बावीस वर्षांत दहा वर्षे भरली नाहीत, असे हे गणित आहे. नगरपालिका आणि महानगरपालिका आस्थापना म्हणून फंडाच्या कायद्याखाली आल्या त्या २०११ साली, म्हणजे कायदा होऊन साठ वर्षे व्हायला आली तेव्हा. मुंबईच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात कायम झाला २०१७ साली, तोही संघटनेने वर्षानुवर्षे लढल्यावर.

फंड नाही त्यांना सरकारने काय दिले? अनुदान दिले. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. केंद्राची वृद्धांसाठीची योजना १९९५ साली ७५ रुपयांनी सुरू झाली. पुढे ते २०० झाले आणि ८० वर्षांखालच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा तेथेच अडकून राहिला. राज्याने भर घालून २०२३ साली एकूण रक्कम दरमहा १,५०० केली. या पैशाला मी नावे ठेवणार नाही. आपल्या वस्त्यांतल्या कित्येक म्हाताऱ्यांचे औषध त्यावर चालते. पण हा पैसा मिळवण्यासाठी काय सिद्ध करावे लागते? आपण निराधार आहोत हे. तलाठ्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला. चाळीस वर्षे राबल्याचा दाखला कोणी मागत नाही. श्रम पुसून टाकून दैन्य तेवढे नोंदवणारी ही पद्धत त्या जुन्या भाकरीच्या फार जवळची आहे.

उलट सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले की, निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेपोटी मिळालेला तो हक्क आहे. एकाच देशात एकाचे म्हातारपण हक्काचे आणि दुसऱ्याचे मेहेरबानीचे. घटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यात मदत मिळण्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि त्यालाही राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा आहे. कुवत कोणासाठी असते आणि कोणासाठी नसते, हे आपण पाहिलेच.

राखीव जागांमुळे आपल्यातील काही जण त्या हक्काच्या वर्तुळात गेले. आईबापांच्या सात पिढ्यांत प्रथमच कोणाला तरी पेन्शन मिळाले आणि त्या पेन्शनवर पुतणे शिकले, भाचे शिकले. आणि मग ते वर्तुळच लहान झाले. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद होऊन बाजाराशी जोडलेली वर्गणीची योजना आली. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर होते ते याच मागणीसाठी. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून निश्चित रकमेची हमी देणारी एकीकृत योजना आणली. ती मागणी न्याय्य आहे असे मी मानतो. मात्र त्या संपातल्या आपल्या शिक्षकबंधूंना एक विचारावेसे वाटते. आपल्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई, शाळेपुढचा रस्ता झाडणारी बाई, यांच्या म्हातारपणाचा शब्द त्या मागणीपत्रात का नसावा?

असंघटितांसाठी सरकारने अलीकडे वेगळाच मार्ग काढला आहे. २०१५ ची अटल पेन्शन योजना, २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना. दुसऱ्या योजनेत अठरा वर्षांच्या मजुराने महिना ५५ रुपये, चाळिशीतल्याने २०० रुपये भरायचे. तितकेच सरकार भरणार. साठीनंतर ३,००० रुपये मिळणार. या दोन्ही योजना ऐच्छिक आहेत. येथे कोण गैरहजर आहे ते पाहा. मजूर हजर आहे, सरकार हजर आहे, मालक नाही. १९५२ च्या कायद्यात कितीही रेघा असल्या तरी मालकाचा एक आणा होता. गरिबांच्या योजनेतून तो आणाच काढून टाकला आहे. ऐच्छिकतेचे कौतुक करणाऱ्यांनी हे सांगावे की, यात नेमके स्वातंत्र्य कोणाला मिळाले?

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मोबाइलवरून मागवलेले जेवण घरोघर पोचवणाऱ्या पोरांचा कायद्यात प्रथमच उल्लेख झाला आणि त्यांच्या कंपन्यांकडून उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा घेण्याची तरतूद झाली. माथाडींच्या लेव्हीचेच हे तत्त्व आहे, त्याचे स्वागत केले पाहिजे. पण फंडाच्या प्रकरणात वीसाची रेघ तशीच आहे. एकोणीस माणसांच्या कामावरचा एकोणिसावा माणूस आजही बाहेर आहे.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी फंडाचा प्रश्न हा युनियनचा कंटाळवाणा हिशोब समजून सोडून देऊ नये. वस्तीतल्या कंत्राटी बायकांच्या पगारचिठ्ठ्या गोळा कराव्यात. कापलेली रक्कम खात्यात भरली आहे काय, मूळ मालक कोण, नोकरीची वर्षे कोणी तोडली, हे लेखी विचारावे. विद्यार्थ्यांनी हे अर्ज लिहून द्यावेत; बहुतेकींना खाते क्रमांकसुद्धा कोणी सांगितलेला नाही. आणि हे करत असतानाच मोठी मागणी १९४७ च्या त्या कलमापाशी नेऊन ठेवावी: वीस नको, पन्नास नको, प्रत्येक. ज्याने कोणाचेही काम केले त्याच्या नावावर त्या प्रत्येक दिवसाचा मालकाचा हिस्सा जमा झाला पाहिजे, ठेकेदार कितीही बदलोत. आणि ज्यांचे दिवस कोणी मोजलेच नाहीत, त्या आजच्या म्हाताऱ्यांना निराधार म्हणून नव्हे, कामगार म्हणून निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे.